शी, म्हणत धुतलेली पिकदाणी

मी एक जुनी पिकदाणी आहे. पानवाल्यांची नव्हे, दवाखान्यातली. क्षयरोगाच्या बायकांची.

नाक मुरडलंत ना, मित्रांनो? खुशाल मुरडा. मीही स्वतःकडे बघून कितीदा तरी नाक मुरडलं असतं, पण मला नाकच नाही. वास मात्र सगळे येतात.

माझा जन्म काही या कामासाठी झाला नव्हता. पत्र्याला खोलगट आकार देऊन, वर पांढऱ्या इनॅमलचा लेप चढवून, काठाला निळी रेघ ओढून मला भट्टीत भाजलं, ते एक मोठी वाटी म्हणून. भिंगारला लष्कराच्या खानावळीत मी काही वर्षं डाळ पाहिली, रस्सा पाहिला, सणावाराला खीरही पाहिली. मग एक दिवस कुणाच्या तरी हातून निसटून मी फरशीवर पडले. काठाचा टवका उडाला आणि तिथं काळा डाग दिसू लागला. टवका उडालेल्या भांड्यात जवानांना जेवण वाढत नाहीत. मी भंगारात गेले आणि भिंगारच्या जुन्या बाजारात एका गोणपाटावर ऊन खात पडले.

तिथून सिस्टर फिलोमिनांनी मला उचललं. या सिस्टर म्हणजे वसईकडच्या, उंच, भराभर चालणाऱ्या. नेवासा तालुक्यात प्रवरेच्या काठी एक छोटा मिशनचा दवाखाना होता, तो त्या चालवत. मला वाटलं, बरं झालं, आता रोग्यांची पेज माझ्यात येणार. एसटीच्या टपावरून मी मोठ्या आनंदानं गेले. पोचल्यावर त्यांनी माझ्या तळाशी लाकडाचा भुसा घातला, वर फिनेल ओतलं, एक झाकण शोधून दिलं आणि मला एका खाटेखाली सरकवलं. थोड्या वेळानं वरून खोकल्याची मोठी उबळ आली. झाकण उघडलं. पुढचं मी सांगत नाही. इतकंच सांगते, की ज्या अंगानं खीर पाहिली त्याच अंगावर बेडका पडला, आणि मला माझ्या जन्माची शिसारी आली.

आता तिथली रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बायकांच्या त्या खोलीत प्रत्येक रोग्याचं भांडं वेगळं असे. काठाला काळा टवका, ते बनुबाईचं, म्हणजे मी. कडी तुटलेलं, ते दुसरीचं. रोज सकाळी सिस्टर प्रत्येक भांड्याचं झाकण उचलून आत बघत. कुणाचं रक्त थांबलं, कुणाचा कफ कमी झाला, हे त्यांना तिथंच कळे. मग भांडी रिकामी करून आतली घाण खड्ड्यात जाळत. त्यामुळे एकीच्या भांड्यात दुसरीनं कधी थुंकायचं नाही, हा तिथला नियम होता. देवाच्या आज्ञांइतकाच कडक.

बनुबाई शेतकऱ्याघरची बाई, पंचेचाळिशीची, तोंडानं भयंकर फटकळ. नवऱ्यावर राग आला की ती मुद्दाम नेम चुकवून माझ्या काठावर थुंके. मच्छिंद्र, म्हणजे तिचा नवरा, डबा घेऊन आला की म्हणे, "आलास? मला वाटलं माज्या मयतीलाच यशील." त्यानं आणलेली भाकरी मात्र एक घासही न टाकता खाई. पण औषधाच्या बाबतीत ती पक्की होती. मूठभर गोळ्या, त्यातली एक लाल, जिच्यामुळे लघवीसुद्धा नारिंगी होई. शिव्या देत ती सगळ्या गिळे. तिचं रक्त केव्हाच थांबलं होतं. ईस्टर झाला की ती घरी जाणार होती. तिची लेक जयमाला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि आईची वाट बघत होती.

आणि मोनिका. गावातल्या कॅथलिक वस्तीतली ही मुलगी. आई लहानपणीच गेलेली. दहावी झाल्यावर ती दवाखान्यात मदतीला आली. तिला फिलोमिनांसारखी सिस्टर, म्हणजे धर्मभगिनी, व्हायचं होतं. उन्हाळा सरला की मठात जायचं, असं ठरत आलं होतं. आम्हा भांड्यांना धुण्याचं काम तिच्याकडे होतं.

ती कशी धुवायची सांगू? हसत. नाकाला पदर नाही, भुवईला आठी नाही. माझ्यातली घाण बघून ती अशी हसायची, की जणू कुणी तिच्या ओंजळीत मोगरा ओतला. इतर भांड्यांना ती फार आवडे. मला नाही आवडली. घाणीला घाण न म्हणणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. मी स्वतः घाण आहे, मला ठाऊक आहे.

ते १९९७ साल होतं. फ्रान्स देशातल्या छोट्या तेरेजाच्या मरणाला त्या वर्षी शंभर वर्षं होत होती. म्हणून ईस्टरआधीच्या उपवासकाळात रोज संध्याकाळी सिस्टर फिलोमिना खोलीत खुर्ची टाकून बसत आणि या संतेची थोडी थोडी गोष्ट सांगत. ऐकणाऱ्यांत कॅथलिक बायका थोड्याच, पण खाटेवर पडून दुसरं करायचं तरी काय? सगळ्याच ऐकत.

तेरेजाची आई ती चार वर्षांची असताना वारली. मठात जायचा तिनं असा ध्यास घेतला, की वय कमी म्हणून लोक नको म्हणाले तेव्हा ती थेट रोमला गेली आणि पोपसाहेबांच्या पायाशी बसून विनवू लागली. तिथल्या शिपायांना तिला धरून उठवावं लागलं.

"बापानं दोन लगावल्या न्हाईत?" बनुबाईनं विचारलं.

"बाप तिला राणी म्हणायचा," सिस्टर म्हणाल्या.

"लाडावलेली दिसतीया."

पंधराव्या वर्षी ती मठात गेली. तिथं तिनं काही मोठं केलं नाही. झाडलं, पुसलं, धुणं धुतलं. धुण्याच्या दगडाशी समोरची एक सिस्टर मळके रुमाल आपटताना तिच्या तोंडावर घाण पाणी उडवायची. मागं सरून तोंड पुसावं, असं तेरेजाच्या मनात आलं. पण ती तशीच उभी राहिली. मठात एक सिस्टर तिला मुळीच आवडत नसे. तिच्याशीच ती सगळ्यांत गोड वागे. इतकं, की त्या बाईनं एक दिवस विचारलं, "तुला माझ्यात एवढं काय आवडतं गं?" मोठाल्या गोष्टी आपल्याला जमत नाहीत, म्हणून छोट्या गोष्टी प्रेमानं करत देवाकडे जायचं, ही तिची वाट. छोटी वाट.

मला गोष्ट पटली, मित्रांनो. घाण पाण्याला ती घाणच म्हणत होती. मागं सरावंसं तिलाही वाटलं होतं. पण मोनिकानं त्यातून वेगळंच काही उचललं. दुसऱ्या दिवसापासून ती बनुबाईकडे बघून इतकी गोड हसू लागली, की बनुबाईनं शेजारणीला विचारलं, "ही पोरगी माज्याकडं बघून का हासती? माज्या तोंडाला काय लागलंय का?"

मग एका संध्याकाळी शेवट आला. तेरेजाला हाच रोग झाला, क्षय. शुभ शुक्रवारच्या, म्हणजे प्रभू क्रूसावर मेला त्या दिवसाच्या, आदल्या रात्री तिच्या तोंडातून काहीतरी गरम आलं. दिवा विझवलेला होता, म्हणून ती सकाळपर्यंत थांबली. उजेडात बघते तर रुमाल रक्तानं भिजलेला. ती घाबरली नाही. आपला प्रभू आपल्याला बोलावतोय, असं वाटून तिला आनंद झाला. पुढं दीड वर्षानं, चोवीस वर्षांची असताना, ती गेली.

ज्यांच्या तोंडातून रक्त आलं होतं, त्या बायकांना त्यात आनंद कुठला ते कळेना. मोनिकाचे डोळे तेवढे चमकत होते. तिला बरेच दिवस कोरडा खोकला होता, हे मला ठाऊक होतं. मोरीत तोंडावर हात दाबून ती खोकायची.

शुभ शुक्रवार उजाडला. ऊन नुसतं भाजत होतं. दुपारी क्रूसाच्या वाटेची भक्ती, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या वाटचालीची प्रार्थना, झाली, मोनिका उपाशीपोटी सगळा वेळ गुडघ्यांवर होती. परत आल्यावर ती आम्हाला धुवायला मोरीत आली. मला घासून, नवा भुसा घालून तिनं ओट्यावर ठेवलं, तेवढ्यात उबळ आली. समोर मीच होते. ती माझ्यातच खोकली. पांढऱ्या भुशावर लालभडक रक्त.

ती बघत राहिली. आणि हसली.

मित्रांनो, मी आयुष्यभर नको ते पोटात घेतलं. पण त्या हसण्याइतकं किळसवाणं काही पाहिलं नाही. सतरा-अठरा वर्षांची पोर, शेजारच्या कपाटात गोळ्यांचे डबे भरलेले, आणि ही स्वतःचं रक्त बघून नवरीसारखी लाजते!

तेवढ्यात सिस्टर आत आल्या. झाकण नव्हतं, त्यांना लगेच दिसलं. "कुणाचं हे?"

मोनिकानं माझ्या काठाकडे पाहिलं. काळा टवका. "बनुबाईंचं," ती म्हणाली.

झालं. बनुबाईचं घरी जाणं रद्द. रक्त पुन्हा आलं म्हणजे रोग उलटला, आणि असा रोगी नव्या बाळाच्या जवळपासही नको. बंद झालेल्या सुया परत सुरू झाल्या. तपासायला तिची थुंकी नगरला पाठवायची, पण जोडून सुट्ट्या आल्या होत्या.

"मी रगत थुकलेच न्हाई!" बनुबाई ओरडली. "शिष्टर, लेकीच्यान सांगती!"

सिस्टरांनी ऐकलं नाही. घरी जायच्या ओढीनं रोगी खोटं बोलतात, हे त्यांनी फार वेळा पाहिलं होतं. आणि मोनिका खोटं बोलेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

ईस्टरच्या रविवारी मच्छिंद्र आला. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "जयमालाच्या सासरचे म्हनत्यात, आईच न्हाई घरात, तर पोरीला आमी परत नेतो. परवा येनार हायेत."

बनुबाईनं त्या दिवशी त्याला एकही शिवी दिली नाही. भाकरीही खाल्ली नाही. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली, आणि तिच्या पाठीचं हलणं मला खालून दिसत होतं.

मोनिका काय करत होती, विचारा. सुयांनी बनुबाईचा दंड सुजला होता, त्याला मिठाची पुरचुंडी गरम करून शेक देत होती. हळुवार हातांनी. चेहऱ्यावर तेच गोड हसू. मला ओरडावंसं वाटत होतं. त्या शेकाची, त्या हसण्याची, त्या सगळ्या पवित्रपणाची मला ओकारी आली. पण पिकदाणीला फक्त घेता येतं, ओकता येत नाही.

मग बनुबाई उठून बसली. रडून काही होत नाही, हे त्या बाईला लवकर कळायचं. तिनं ठरवलं, की आता माझ्यात थुंकायचंच नाही. कफ आला तरी ती गिळून टाकी. दिवसभर मी कोरडी. पुनःपुन्हा खाली वाकून ती माझं झाकण उघडे आणि शेजारणीला दाखवी, "बघ. हाय का काय? तूच साक्षीला." सकाळी मोनिका मला उचलून मोरीकडे निघाली, तशी बनुबाई भिंतीला धरून मागोमाग आली. आपल्या थुंकीच्या भांड्यावर पहारा ठेवणारी बाई मी तेवढी एकच पाहिली.

मोनिकाला उबळ आली. कोरड्या भुशावर पुन्हा लाल पडलं.

"आगं ए!" बनुबाईचा आवाज असा फुटला, की खोलीतल्या सगळ्या बायका उठून बसल्या. "माज्या भांड्यात थुकतीस? माज्या? आनि सुया मी टोचून घीती व्हय गं!"

सिस्टर धावत आल्या. मोनिका भिंतीला टेकून उभी होती, ओठ लाल. "मावशी, मला वाटलं... प्रभूनं मला बोलावलं. तेरेजाला बोलावलं तसं. कुणाला कळू न देता सोसायचं होतं."

"बोलावलंय तर तुज्या भांड्यात थुक की! माजं कशाला नासवलंस? माजी लेक तिकडं पोटुशी बसलीया, तिला माज्या दारातनं परत न्यायला निघाल्यात!"

मोनिका खाली बसली. आता हसू कुठल्या कुठं गेलं होतं. जयमालाचं तिला ठाऊक होतं, पण आपल्या सोसण्याच्या नादात तिनं ते बाजूला सारलं होतं.

सिस्टर फिलोमिनांनी माझ्यातलं रक्त पाहिलं, मोनिकाच्या ओठांवरचं पाहिलं. मग म्हणाल्या, "तेरेजाच्या तोंडावर दुसरीनं घाण पाणी उडवलं, ते तिनं सोसलं. तू आपली घाण दुसरीच्या तोंडावर उडवलीस, आणि वर स्वतःलाच तेरेजा समजलीस. तिच्या काळी या रोगावर औषध नव्हतं, मोनिका. असतं, तर ती म्हातारी होऊन मेली असती. आणि म्हातारी होऊनसुद्धा ती संतच झाली असती." मग त्या बनुबाईकडे वळल्या, आणि सगळ्यांदेखत हात जोडले. "बनुबाई, तुम्ही खरं सांगत होता. मी ऐकलं नाही."

"आता सुया बंद करा म्हंजे झालं," बनुबाई म्हणाली, आणि दंड चोळत खाटेवर गेली.

त्याच दिवशी सिस्टरांनी जयमालाच्या सासरी निरोप धाडला, की तिची आई बरी आहे, पोरीला नेऊ नका. नगरचा कागद आला तोही स्वच्छ. बनुबाईला सुट्टी मिळाली.

मोनिकाला शेजारची खाट मिळाली, आणि मी तिच्याकडे गेले. "मला न्हाई आता त्यात थुकायचं," बनुबाईनं सांगून टाकलं होतं. पण मोनिका कुणाशी बोलेना. गोळ्या हातात घेऊन बसून राही, आणि कुणी वळलं की उशीखाली सारी. आधी तिला मरण गोड वाटलं होतं, आता लाजेनं हवंसं वाटत होतं. मरायचं कारण बदललं, तरी मरण तेच.

निघायच्या सकाळी बनुबाई गाठोडं बांधून उठली. फाटकाशी मच्छिंद्र टेम्पो घेऊन उभा होता. जाता जाता तिनं मोनिकाची उशी उचलली. खाली गोळ्या. ती गाठोडं टाकून खाटेवरच बसली.

"गिळ."

मोनिकानं मान फिरवली.

"बाहीर आमचे मालक टेंपू घिऊन हुबे हायेत. माजी लेक वाट बघतीया. पर तू गिळल्याबिगर म्या हलत न्हाई. तिकडं पोर झालं आनि मी इथंच बसून ऱ्हायले, तर ते बी तुज्याच माथी. गिळ."

मोनिकानं एकेक करून गिळल्या. शेवटची लाल. मग खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना. मी काठापर्यंत माखले. गोळ्या मात्र पोटात राहिल्या.

ती धापा टाकत पडली. मला धुणारं तिथं कुणी नव्हतं. बनुबाईनं माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड असं वाकडं झालं, की काय सांगू! "शी!" ती म्हणाली. पदर नाकाला लावून, हात लांब धरून, "शी, शी, शी," करत ती मला मोरीत घेऊन गेली. खड्ड्यात ओतताना शिवी दिली. राखेनं घासताना दोन दिल्या. मला इतक्या रागानं आजवर कुणी घासलं नव्हतं, आणि इतकं स्वच्छही. नवा भुसा घालून, फिनेल ओतून तिनं मला परत आणून खाटेखाली ठेवलं.

मोनिका म्हणाली, "मावशी, तुम्हाला माझी किळस नाही येत?"

"येती की. लई येती," बनुबाई गाठोडं उचलत म्हणाली. "म्हून काय तसंच ठिवायचं व्हय?"

आणि ती गेली. जयमालाला मुलगी झाली, तेव्हा ती तिच्या उशाशी होती. मच्छिंद्र जिलबी घेऊन आला होता, मोनिकाच्या वाट्याचीही.

सिस्टर फिलोमिनांनी तेरेजाची गोष्ट पुन्हा सांगितली नाही. मला वाटतं, त्या सकाळी दारातून त्यांनी सगळं पाहिलं होतं; छोटी वाट आता सांगायची गरजच उरली नव्हती.

मोनिकानं पावसाळाभर आणि थंडीभर गोळ्या घेतल्या, एकही न चुकवता. आधी रक्त थांबलं, मग कफ गेला, मग एका सकाळी सिस्टरांनी झाकण उचललं तर आत नुसता कोरडा भुसा. पुढच्या जूनमध्ये ती मठात गेली. जायच्या आधी तिनं सगळी भांडी शेवटची धुतली. शेजारच्या खाटेवर नवी रोगी आली होती, आणि मी तिची झाले होते. मोनिकानं माझं झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि तिचं नाक मुरडलं गेलं. भुवईला आठी आली. "शी," ती हळूच म्हणाली, आणि मला घासू लागली. त्या दिवशी मला ती पहिल्यांदा आवडली.

आता दवाखान्यात जाळून टाकायच्या कागदी डब्या आल्या आहेत. मी मागच्या अंगणात पडून असते, आमचं काम सरलं. मित्रांनो, वाटेल तिथं थुंकू नका, खोकला लपवू नका, आणि गोळ्या दिल्या तर त्या उशीखाली नव्हे, पोटात घाला. आणि कधी कुणाची घाण काढायची पाळी आली, तर हसायचं सोंग आणू नका. किळस आली तर येऊ द्या. तोंड वाकडं करा, नाक दाबा, वाटलं तर दोन शिव्याही द्या. पण भांडं धुवा.